सातवी की आठवी?

मंडळाच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने विचारलं, "तुमच्यात सगळी पापं फादरना सांगावी लागतात म्हणे?" मी वसईची कॅथलिक, लग्न होऊन बुऱ्हाणपूरला आले. तेव्हा हसून विषय टाळला. खरं उत्तर यंदा लेकीने शिकवलं.

तिचं पहिलं पापनिवेदन होतं. वर्षातून एकदा तरी ते करावं, हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेचा. सात वर्षांच्या आसपास समज आली की मुलांनीही करावं, हे पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ठरवून दिलं. सांगणं हा त्यातला एक भाग. त्याआधी स्वतःचं मन तपासायचं, पश्चात्ताप करायचा, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा. मग निवेदन, आणि फादर सांगतील ते प्रायश्चित्त. ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, कोर्टातही नाही. थेट फोडलं, तर ते चर्चमधून बहिष्कृत होतात.

मन तपासायला दहा आज्ञांचा आधार घेतात. इथे चर्चमध्ये शिकवणी हिंदीत, म्हणून घरी मी मराठीत घ्यायचे. (पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, तरी पापं माणसं आपल्याच बोलीत सांगायची.) मुलांची पापं आईबापांनी विचारायची नसतात, तेव्हा मी गप्प होते. एका रात्री तिनेच विचारलं, "मम्मी, पैसे आपण घेतले आणि नाव दुसऱ्याचं सांगितलं, तर सातवी आज्ञा की आठवी?"

सातवी चोरीची, आठवी खोट्या साक्षीची. मी म्हटलं, "दोन्ही." आणि पोटात धस्स झालं. दिवाळीच्या आधी फ्रिजवरचे पन्नास रुपये गेले होते. कामाच्या मावशींचा मुलगा तेव्हा घरात होता. लेकीने त्याचं नाव घेतलं, आणि मी त्या पोराला दारातच, चार शेजाऱ्यांसमोर बोलले होते. मावशी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कामावर आल्या. तो पुन्हा कधी आला नाही.

ती म्हणाली, "फादरना सांगितलं की संपेल ना?"

नाही संपत. क्षमा मिळाली तरी चोरलेलं परत करावं लागतं, आणि कुणाचं नाव खराब केलं असेल तर तेही भरून द्यावं लागतं. हे मी लहानपणीच पाठ केलं होतं. पण पोराचं नाव चारचौघांत मी खराब केलं होतं, तिने नाही.

रविवारी आम्ही दोघी लालबागला मावशींच्या घरी निघालो. वाटेत मी मावा जिलेबी घ्यायला थांबले, तर लेक म्हणाली, "आधी बोलू या. जिलेबी नंतर." मावशींचे यजमान लूमवरून नुकतेच आले होते. पोरगा दाराआड उभा राहिला. लेक बोलली, मग मी. शेजारच्या बायका ऐकत होत्या, म्हणून मी आवाज जरा मोठाच ठेवला.

मावशींनी पदराने डोळे पुसले. पोरगा काही बोलला नाही. जिलेबी आणायला मात्र तो लेकीबरोबर गेला.

पुढच्या शनिवारी चर्चमध्ये लेकीच्या मागे रांगेत मीही उभी होते. सात वर्षांनी.