चावी शिल्लक असताना

आमच्या बऱ्हाणपुरातील घरी वडिलांचा एक नेम होता. सकाळी स्नान व देवपूजा आटोपली, की ते आपले मनगटी घड्याळ हाती घेत आणि संथपणे त्याला चावी देत. घड्याळ फेवर-ल्युबा कंपनीचे. तबकडीवर ‘ट्विन पॉवर’ अशी अक्षरे. एकदा चावी दिली की ते दोन दिवस चाले. मग रोज चावी देण्याचे प्रयोजन काय, असे आम्ही एकदा विचारले. ते एवढेच म्हणाले, “बाळ, ताकद शिल्लक असतानाच चावी द्यावी.” त्या वेळी आम्हांस ही केवळ वडीलधाऱ्यांची शिस्त वाटली. त्यामागील यंत्रविचार कळावयास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

फेवर-ल्युबा हे नाव जुन्या मराठी घरांना परके नाही. स्वित्झर्लंडमधील ही पेढी १७३७ पासूनची. १८६५ मध्ये ती मुंबईत आली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला एच.एम.टी.ची घड्याळे तयार होऊ लागली. तोवर उत्तम घड्याळ म्हणजे विलायती, असेच समीकरण होते.

चावी देणे म्हणजे एका चपट्या डबीतील पोलादी स्प्रिंग गुंडाळणे. ती हळूहळू उलगडते आणि तिच्या जोरावर दातेरी चाके फिरतात. सामान्य मनगटी घड्याळ असे ३६ ते ४० तास चालते. त्याहून अधिक चालवावयाचे तर स्प्रिंग लांब हवी, डबी मोठी हवी, म्हणजे घड्याळही जाडजूड होणार. १९६२ मध्ये फेवर-ल्युबाने एकाऐवजी दोन डब्या योजून हा पेच सोडविला. यंत्राची जाडी अवघी २.९५ मिलिमीटर, आणि चाल ५० तासांहून अधिक!

परंतु खरा प्रश्न साठ्याचा नसून तो समप्रमाणात खर्च करण्याचा असतो. पूर्ण गुंडाळलेली स्प्रिंग जोमाने ओढते. उलगडत आली की तिचा जोर ओसरतो, आतील तोलचक्राचा झोका लहान होतो आणि वेळ चुकू लागते. जर्मनीतील लांगे कंपनीने २००७ मध्ये ३१ दिवस चालणारे मनगटी घड्याळ सादर केले. त्यात प्रत्येकी १.८५ मीटर लांबीच्या दोन स्प्रिंगा आहेत, आणि त्यांचा जोर दर दहा सेकंदांनी मोजून पुढे दिला जातो. ३१ दिवस भरले की स्प्रिंगेत जोर उरलेला असूनही हे घड्याळ मुद्दाम थांबविले जाते, कारण त्या उरल्यासुरल्या जोरावर विसंबता येत नाही. वडिलांनी या घड्याळाचे नावही ऐकले नव्हते. पण त्यांचे म्हणणे निराळे कोठे होते? कुंडी भंडाऱ्याच्या गावात राहणाऱ्यांना तर हे सहज उमगावे. सातपुड्याचे पाणी भूमिगत बोगद्यांच्या मंद उतारावरून, कोणत्याही यंत्रावाचून, शहराकडे आणण्याची ही योजना १६१५ मधील. तेथेही महत्त्व साठ्याइतकेच संथ वाहण्याला आहे.

वडिलांच्या पश्चात ते घड्याळ आमच्या हलगर्जीपणामुळे कित्येक वर्षे कपाटात पडून राहिले. आतील तेल वाळले. अखेर परगावच्या एका कारागिराकडे ते दिले. त्याने यंत्र उत्तम साफ केले. पण न विचारताच तबकडीही नव्याने रंगविली. तिची पिवळसर झाक गेली, सहाच्या आकड्याजवळचा बारीक ओरखडा गेला. घड्याळ चालू लागले, परंतु हाती घेतल्यावर ते वडिलांचे वाटेना. दोष कारागिराचा म्हणावा, तर “तबकडीस हात लावू नका” हे चार शब्द आम्हीच उच्चारले नव्हते.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्या घरी असे घड्याळ असेल, तर दीर्घकाळ बंद पडलेल्या यंत्राला एकदम चावी देऊन पाहू नये. आधी ते साफ करवून नवे तेल घालवावे. तबकडी, काटे व चावीची फिरकी मूळचीच राखावी. जाणकार त्यांनाच मोल देतात. आणि ते घड्याळ कोणाचे, कोणत्या प्रसंगी आले, हे घरातील वृद्धांना आजच विचारून लिहून ठेवावे.

हल्ली रोज सकाळी चावी आम्ही देतो. परवा आमच्या कन्येने विचारले, “बाबा, काल दिली होती ना?” आम्ही घड्याळ तिच्या हाती दिले आणि आजोबांचे उत्तर तिला सांगितले.