दंगलीआधीची तालीम
लेखमाला : तंट्यातल्या वाटा (लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण मध्यस्थाला भेटलो. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून निरोपांची ने-आण करणारा तो माणूस. आजचा माणूस त्याच्याही आधी येतो, किंवा सगळं विझल्यावर बऱ्याच काळानं. तो लोकांना नाटक बसवायला सांगतो, एकत्र चित्र काढायला सांगतो, शेजारच्या आळीतली गाणी शिकायला लावतो. काही आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये या कामासाठी रीतसर सल्लागार नेमले जातात आणि त्यांना अहवालही लिहावे लागतात. आंबिवलीच्या फलाटावर कसारा लोकलची वाट बघणाऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल. हसू द्यावं. पण या कामाचं बरंवाईट समजून घ्यायला परदेशी जायची गरज नाही. दोन स्टेशनं मागे कल्याणला उतरायचं आणि दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीचा रस्ता धरायचा.

आधी एक गोड समजूत बाजूला ठेवू. कला माणसं जोडते, असं आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकतो. मिरवणूकही कलाच आहे. तिच्यात ताल आहे, रंग आहे, घोषणांची लय आहे, बघे आहेत. भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली आणि तिचं लोण जळगाव, महाडपर्यंत पोचलं. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगानं पुढं त्याचा तपशील खणून काढला. मशिदीसमोरून जाणारा मार्ग, घोषणा, गुलाल या गोष्टींवरून वाद आधीची काही वर्षं साचत आला होता. त्याहून मागे गेलं तर पुण्याचे गणेशोत्सवातले मेळे दिसतात. १८९३ च्या दंगलींच्या आधी मोहरमच्या ताबुतांत हिंदूंची मोठी ये-जा असे. ती सोडा, असं गाऊन सांगायचं काम मेळ्यांनी केलं आणि चांगलं केलं, म्हणजे परिणामकारक केलं. पुढं तेच पद, तोच डफ, तोच कोरस घेऊन राष्ट्र सेवा दलाचं कलापथक गावोगाव उलटा मजकूर सांगत फिरलं. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले आणि त्यांच्या आवाजावर सगळ्या जातिधर्मांचे कामगार जमले. साधन एकच आहे. ते कोणाच्या हाती आहे आणि कोणाला सोबत घेऊन वापरलं जातंय, एवढाच फरक.

मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. ठाणे आणि मुंबई धरून अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर चार वर्षांनी, १९८८ मध्ये, सुरेश खोपडे भिवंडीचे पोलीस उपायुक्त होऊन आले. पोलिसांकडे शांतता समित्या तेव्हाही होत्या. सणाच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे पुढारी बोलवायचे, चहा पाजायचा, भाईचाऱ्याची भाषणं ऐकायची आणि घरी जायचं. खोपड्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. मोहल्ल्यातलीच साधी हिंदू आणि मुसलमान माणसं त्यांनी घेतली आणि समिती चालवण्याची जबाबदारी त्या भागातल्या साध्या पोलीस शिपायावर टाकली. बैठका सणापुरत्या ठेवल्या नाहीत. अयोध्येनंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा पन्नास किलोमीटरच्या आत असलेली, दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी पुढं पुस्तकच लिहिलं आणि नावातच प्रश्न विचारला : मुंबई जळाली, भिवंडी का नाही?

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ सालच्या त्यांच्या ग्रंथात भिवंडीचा दाखला घेतला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की गावात रोजच्या ओळखीपाळखी पुरतात, शहरात पुरत नाहीत. शहरात दोन्ही समाजांची माणसं एकाच संघटनेत, एकाच कामात बांधलेली असावी लागतात. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडे कोणीतरी नावानिशी माहीत असावं लागतं. भिवंडीतली शांतता नुसत्या समित्यांची कमाई होती असं मी म्हणणार नाही. यंत्रमागाचा धंदा बंद पडला तर काय होतं, हे १९८४ मध्ये सगळ्यांनी सोसलं होतं. उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि इथले आगरी व कोकणी मुसलमान यांची पोटं एकमेकांत गुंतलेली होती. पण गुंतलेली पोटं १९८४ मध्येही होतीच. तेव्हा नव्हत्या त्या बैठका.

मग यात कला कुठं आली? धारावीत आली. मुंबईच्या दंगलीनंतर भिवंडीच्याच धर्तीवर मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी ही त्यातली ठळक नावं. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोन मित्र त्या कामात पडले. वकार खान कपड्यांच्या धंद्यातले. चार धर्मांच्या वेशातली चार मुलं आणि ‘हम सब एक हैं’ हा मजकूर असलेलं त्यांचं पोस्टर मुंबईत खूप फिरलं. अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये या दोघांवर ‘नाता’ हा माहितीपट केला.

पोस्टर म्हणून ते पोस्टर बाळबोध आहे, हे मोकळेपणानं सांगतो. शाळेच्या भिंतीवर असं चित्र आपण शंभरदा पाहिलं आहे. पण चित्र बघणं वेगळं आणि ते करणं वेगळं. मुलं कोणाची घ्यायची, त्यांच्या आईबापांना कोण विचारणार, कपडे कोण शिवणार, छपाईचे पैसे कोण देणार, पोलीस ठाण्यात ते लावायला सांगायला कोण जाणार, यातल्या प्रत्येक प्रश्नासाठी कोणाच्या तरी उंबऱ्यावर जावं लागतं. या क्षेत्रातल्या कामाचं मोजमाप करणारे बहुतेक जण प्रयोगाला किती माणसं आली ते मोजतात. मला वाटतं, तालमींना कोण कोण आलं ते मोजावं. प्रयोग तासाभरात आटपतो. तालमीत मात्र कोणीतरी उशिरा येतं, कोणाचा रोजा असतो, कोणाची दुसरी पाळी असते, पेटी कोणाच्या घरी ठेवायची यावर भांडण होतं आणि ते त्याच खोलीत मिटवावं लागतं.

ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी तर प्रयोगच तालमीसारखा केला. त्यांच्या पद्धतीत नाटक अन्यायाच्या जागी येऊन थांबतं आणि प्रेक्षकातला कोणीही उठून पात्राची जागा घेतो, ‘मी असतो तर असं केलं असतं’ हे करून दाखवतो. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली जन संस्कृती ही संस्था खेड्यापाड्यांत हेच करते आहे. दुसऱ्या टोकाला डॅनियल बारेनबॉइम आणि एडवर्ड सैद यांनी १९९९ मध्ये इस्रायली आणि अरब तरुण वादकांचा वाद्यवृंद उभा केला. त्याचं जगभर कौतुक झालं, पण यातून शांतता येईल असा दावा खुद्द बारेनबॉइम यांनी केला नाही. एकमेकांविषयीचं अज्ञान कमी व्हावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. सल्लागारांच्या अहवालांपेक्षा ही अपेक्षा मला जास्त प्रामाणिक वाटते.

आता परत आंबिवलीला. इथल्या तंट्याची जात वेगळी आहे. मोहोने-आंबिवलीतला एनआरसीचा, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, कारखाना २००९ मध्ये बंद पडला. थकलेल्या देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षं भांडत राहिले आणि वसाहत हळूहळू ओस पडत गेली. एका कारखान्यामुळे वेगवेगळ्या भाषांची माणसं एका भोंग्यावर उठत होती, तो धागा तुटला. स्टेशनाजवळच इराणी वस्ती आहे. तिथल्या घरांत फारसीच्या वळणाची बोली बोलतात. मोहरम तिथं शिया रीतीनं पाळला जातो. बाहेरच्या जगाला मात्र ती वस्ती सोनसाखळी चोरीच्या बातम्यांतून तेवढी माहीत. पोलिसांचं पथक आरोपीला धरायला येतं, दगडफेक होते, पुन्हा बातमी होते. वस्तीतल्या ज्या मुलाचा यातल्या कशाशीही संबंध नाही, त्याला नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना काय वाटत असेल, याची बातमी होत नाही.

इथं कोणी सल्लागार आला आणि त्यानं दोन्हीकडची मुलं जमवून ऐक्याचं समूहगीत बसवलं तर मी त्या कार्यक्रमाला जाणार नाही. बोआलच्या पद्धतीचं नाटक बसवलं तर जाईन. प्रसंग साधा घ्यावा : पहाटे दार वाजतं. पोलीस कोणाला शोधतायत, दार कोण उघडतं, आजी काय म्हणते, आवाज कुठं चढतो. वस्तीतल्या बाईनं पोलिसाची भूमिका करावी आणि ठाण्यातल्या शिपायानं त्या आजीची.

शिपायाला तालमीला आणणं हीच खरी अडचण आहे. भिवंडीत शिपाई समिती चालवत होता, म्हणजे तो दोघांच्या मधला होता. तंटा हिंदू आणि मुसलमानांचा असेपर्यंत ते जमलं. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या नियोजित पोलीस ठाण्यावरून तंटा उभा राहिला, तेव्हा पोलीसच एक बाजू होते. गोळीबारात दोन निदर्शक गेले आणि त्याच रात्री जमावानं दोन पोलिसांना मारलं. १९९२ मध्ये टिकलेली रचना चौदा वर्षांनी उपयोगी पडली नाही. तोवर खोपडे कधीच बदलून गेले होते, समित्या थंडावल्या होत्या. शिवाय मधला माणूसच पक्षकार झाला तर बैठक कोणी बोलवायची, याची सोय त्या रचनेत मुळातच नव्हती. आंबिवलीत सुरुवातच तिथून करावी लागेल. मग बोलावणं कोणाच्या नावानं जाणार? पालिकेच्या, शाळेच्या, की वस्तीतल्याच एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या? पुढच्या आठवड्यात या बोलावण्याविषयी.