पणजोबांच्या कार्डाचा कोपरा कोणी फाडला?

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा किंवा जॉर्जियाच्या एखाद्या खेड्यातल्या पणजोबांचा माग काढायचाय? मग आधी त्यांची खेचरं मोजा! १८५० ते १८८० पर्यंतच्या जनगणनेत शेतीचा वेगळा तक्ता असायचा. कोणाकडे किती खेचरं, किती दुभत्या गाई, किती डुकरं, मका किती पिकला, वर्षभरात लोणी किती निघालं, सगळं त्यात लिहिलेलं. मध आणि मेणसुद्धा! ज्या शेतकऱ्याचा एकही फोटो उरला नाही, त्याच्या घरी लोणी किती व्हायचं हे आज घरबसल्या कळतं.

त्याच दक्षिणेतल्या गुलामांची मात्र १८५० आणि १८६० मध्ये जवळपास कुठेच नावं नाहीत. मालकाचं नाव, आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. मुक्त झालेली ही माणसं नावानिशी पहिल्यांदा दिसतात ती १८७० च्या जनगणनेत. त्यामुळे कृष्णवर्णीय घराण्यांचा शोध बहुतेक वेळा याच सालाशी येऊन अडतो.

पन्नास सेंटची जाहिरात

ही अडचण कधीकधी एक जुनं वर्तमानपत्र सोडवतं. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट'मध्ये १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून 'लॉस्ट फ्रेंड्स' नावाचं सदर चालायचं. गुलामीत विकली गेल्यामुळे ताटातूट झालेली आई, भाऊ, लेकरं यांचा शोध घेणाऱ्या जाहिराती त्यात येत. वर्गणीदार नसलेल्यांना दर पन्नास सेंट. पाद्रींनी त्या चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवाव्यात, अशी विनंतीही छापलेली असे. आईचं नाव काय, मालक कोण, कोणी कोणाला विकलं, हे सगळं त्या चार ओळींत असल्यामुळे एका जाहिरातीतून दोन-दोन पिढ्या हाती लागतात. माझ्या मते दक्षिणेतला याहून मोलाचा कौटुंबिक दस्तऐवज नाही.

वीस वर्षांचा खड्डा

१८९० च्या जनगणनेत सहा कोटींहून जास्त माणसं मोजली गेली. १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आग लागली, या जनगणनेचे बरेच कागद जळाले, बाकीचे भिजले, आणि उरलेसुरले पुढे सरकारनेच नष्ट केले. आज शिल्लक नावं जेमतेम सहा हजार. म्हणजे १८८० नंतर बहुतेकांची नोंद थेट १९०० मध्येच सापडते; १८८१ मध्ये जन्मलेली पणजी १९०० पर्यंत लग्न होऊन सासरच्या आडनावाने नांदत असली, तर तिचं माहेर शोधताना चांगलाच घाम निघतो.

आता त्या कोपऱ्याची गोष्ट. जून १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या सैन्यभरतीसाठी तरुणांनी कार्डं भरली. कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर सूचना छापलेली होती: व्यक्ती आफ्रिकी वंशाची असेल तर हा कोपरा फाडावा. शंभर वर्षांनंतरही संगणकाच्या पडद्यावर तो फाटका कोपरा तसाच दिसतो, आणि राग येतो. पण त्याच कार्डावर डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, उंच की बुटका, सडपातळ की जाडजूड, हेही लिहिलेलं असतं. अनेक घरांत पणजोबांचं तेवढंच एक चित्र उरलंय.

पन्नाशीत जन्मदाखला

राज्यभर सक्तीची जन्मनोंदणी मिसिसिपीत १९१२ मध्ये, साउथ कॅरोलायनात १९१५ मध्ये आणि जॉर्जियात १९१९ मध्ये सुरू झाली. १९३५ च्या कायद्याने म्हातारपणीच्या पेन्शनची सोय झाली आणि वय सिद्ध करायची वेळ आली, तेव्हा अनेकांनी उतारवयात स्वतःचा जन्मदाखला काढला! पुरावा म्हणून घरच्या बायबलच्या पानांवरच्या नोंदी किंवा नातेवाइकांची साक्ष चालायची. असा 'उशिराचा दाखला' दिसला की सोडू नका.

जुनी कबरस्तानं शोधायचीही युक्ती आहे. रानात विंका ही निळसर फुलांची सदाहरित वेल जमिनीवर दाट पसरलेली दिसली, की थांबून खाली नीट बघा. ती कबरींवर मुद्दाम लावत. शेजारी खचलेले लांबट खड्डे आणि नाव नसलेले उभे दगड असतील, तर ते बहुधा कबरस्तानच.

जनगणनेतली नावं ७२ वर्षं गुप्त ठेवली जातात. १९५० ची १ एप्रिल २०२२ ला खुली झाली; १९६० ची एप्रिल २०३२ मध्ये होईल. तोवर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला फोन लावा, आणि बोलणं रेकॉर्ड करा.