पोस्टकार्ड मिळाले, नोंद केली का?

परदेशातून आलेले पोस्टकार्ड वाचून नुसते कपाटात ठेवले, तर पाठवणाऱ्याच्या वाट्याचे कार्ड अडते. असे का?

पद्धत काय? : ‘पोस्टक्रॉसिंग’ हा उपक्रम पोर्तुगालच्या पाउलो मागाल्याइश यांनी १४ जुलै २००५ रोजी सुरू केला. संकेतस्थळ तुम्हाला एका अनोळखी सदस्याचा पत्ता आणि कार्डाचा क्रमांक देते. कार्ड मिळाल्यावर त्याने तो क्रमांक नोंदवला, की तुमचा पत्ता तिसऱ्याच कोणाला तरी मिळतो.

मर्यादा किती? : नव्या सदस्याची एका वेळी ५ कार्डेच वाटेवर असू शकतात. नोंद होईपर्यंत जागा अडते. ६० दिवसांनी ती मोकळी होते. उशिरा पोहोचलेले कार्डही वर्षभरात नोंदवता येते.

क्रमांक पुसला तर? : शिक्का किंवा पावसाने अक्षरे पुसट होतात. म्हणून पाठवताना क्रमांक दोन ठिकाणी, तिकिटापासून दूर लिहा. मिळालेल्या कार्डावरचा क्रमांक वाचता येत नसेल, तर पाठवणाऱ्याचा देश आणि इतर तपशील देऊन संकेतस्थळाची मदत घ्या.

नोंद करताना आभाराच्या दोन ओळी जरूर लिहा. पाठवणाऱ्यासाठी सहसा तीच पोच असते.