व्यायामारंभ आणि मानेचा ताण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागातील श्रीगोंदा हे गाव 'योगसंग्राम'कर्ते शेख महंमद यांचे स्थान म्हणून मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास परिचित आहे. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकासही हा परिसर विचारात घेण्याजोगा वाटावा. कारण व्यायामाच्या तीन भिन्न परंपरा येथे एकमेकींशेजारी नांदत आहेत. पहिली तालमीची. गावोगावच्या यात्रांत भरणारा कुस्त्यांचा हगामा हे तिचे दृश्य फळ होय. दुसरी भरतीच्या मैदानाची. लष्करात वा पोलिसांत जाऊ इच्छिणारी मुले-मुली पहाटे रस्त्यावर धावतात, गोळा फेकतात आणि 'बीम'वर, म्हणजे आडव्या दांडीवर, शरीर वर खेचण्याचा सराव करतात. तिसरी योगासनांची, ती शाळा-महाविद्यालयांतून सर्वत्र पसरली आहे.

या तिन्ही ठिकाणी नवशिक्यांच्या तोंडी एक तक्रार समान आढळते. कोणी म्हणतो मान धरली, कोणी म्हणतो मानेत उसण भरली. या तक्रारीची दोन उत्तरे लोकांत रूढ आहेत. मान कच्ची आहे, तेव्हा तिला अधिक रगडावी, हे एक. व्यायाम मानवत नाही, तेव्हा तो सोडावा, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे एकाच गैरसमजातून निघतात. मान दुखली म्हणजे दोष मानेतच असला पाहिजे, असे त्यांत गृहीत धरलेले असते. वस्तुतः नवशिक्याची मान बहुधा स्वतःच्या कामाने दुखत नाही. पोट, पाठ, खांदे आणि श्वास यांनी टाकून दिलेले काम तिच्यावर येऊन पडते म्हणून ती दुखते. या विधानाची उपपत्ती मानेच्या रचनेतून लावता येते.

मानेत सात मणके असतात. प्रौढ माणसाच्या मस्तकाचे वजन साधारणतः साडेचार ते पाच किलो असते. मस्तक व पहिला मणका यांमधील सांध्यात होकाराची हालचाल होते. पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधील सांध्यात नकाराची. डावी-उजवीकडे मान वळविण्याच्या एकूण क्रियेपैकी सुमारे निम्मी या दुसऱ्या सांध्यातच घडते. या दोन सांध्यांत कूर्चेची चकती नसते. त्याखालच्या प्रत्येक जोडीत ती असते. सारांश, मानेची घडण प्रामुख्याने हालचालीसाठी आहे. डोळे व कान यांना हव्या त्या दिशेस नेणे हे तिचे मुख्य कार्य होय. भार वाहण्याचे कार्य ती करते, पण विशिष्ट अटीवर.

ती अट तरफेच्या नियमाने समजते. मस्तकाचा गुरुत्वमध्य मानेच्या सांध्याच्या किंचित पुढे असतो. म्हणून मस्तक पुढे कलू नये यासाठी मागचे स्नायू सतत थोडी ओढ लावतात. सांधा हा टेकू, मस्तक हा भार आणि मागचे स्नायू हे बल. उदाहरणादाखल मस्तकाचे वजन ५ किलो, गुरुत्वमध्याचे टेकूपासूनचे अंतर २ सेंटिमीटर आणि स्नायूंचे अंतर ५ सेंटिमीटर असे गृहीत धरले, तर स्नायूंना २ किलो ओढ पुरते व सांध्यावर एकूण ७ किलो भार पडतो. तेच मस्तक पुढे सरकून गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरांवर गेला, की स्नायूंची ओढ १० किलो आणि सांध्यावरील भार १५ किलो होतो. मस्तक तेच, बदलली ती केवळ जागा.

डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा वाहणारी स्त्री हा नियम पुस्तकावाचून पाळत असते. हंड्याचा भार कण्याच्या रेषेत राहावा म्हणून ती मान ताठ ठेवते आणि वळावयाचे झाल्यास सर्वांगाने वळते. दीर्घकाळ अशी ओझी वाहिल्याने मणक्यांची झीज होऊ शकते हे खरे; तथापि भाराइतकीच त्याची दिशाही महत्त्वाची असते, हे या उदाहरणावरून ध्यानी येते. याउलट अभ्यासिकेत दिवसभर पुस्तकावर वा मोबाइलवर ओणवा बसलेला विद्यार्थी डोक्यावर काहीही न घेता मानेच्या मागच्या स्नायूंना शिणवीत असतो. भरतीची तयारी करणारा उमेदवार संध्याकाळी मैदानावर येतो तो अशी आधीच थकलेली मान घेऊनच.

आता परकीय कामाचा प्रश्न. खांद्याचे पाते हाताचा पाया होय. ते धडाशी प्रामुख्याने स्नायूंनीच जखडलेले असते, आणि त्यांतील काही स्नायू थेट मानेतून निघतात. ट्रॅपिझियस स्नायूचा वरचा भाग कवटीच्या मागील बाजूपासून व मानेपासून निघून गळपट्टीच्या हाडाकडे उतरतो. लेव्हेटर स्कॅप्युली हा स्नायू वरच्या चार मणक्यांपासून पात्याच्या वरच्या आतील कोपऱ्यापर्यंत जातो. पात्याला खाली व मागे धरून ठेवणारे पाठीचे स्नायू दुबळे असले, म्हणजे हातांनी जोर लावताच पाते वर सरकते, खांदे कानांकडे जातात आणि वरील दोन स्नायू हाताचा भार मानेच्या मणक्यांवर टांगतात. मान हलली नाही तरी ती राबत असते.

बीमवरील नवशिक्याकडे पाहिल्यास हे स्पष्ट दिसते. लष्करभरतीत दहा वेळा वर गेल्यास या कसोटीचे पूर्ण गुण मिळतात; म्हणून प्रत्येक खेपेस हनुवटी कशीबशी दांडीवर पोहोचविण्याचा त्याचा आटापिटा असतो. शेवटच्या दोन-तीन खेपांत शरीर वर जात नाही, तेव्हा मान पुढे ताणली जाते. परंतु शरीर वर खेचणारा पाठीचा मोठा स्नायू कणा व कटी यांपासून निघून दंडाच्या हाडास मिळतो. मस्तकाशी त्याचा संबंध नाही. मान ताणल्याने शरीर एक बोटभरही वर जात नाही. तेथे खेप थांबविणे, किंवा पायाखाली आधार घेऊन ती पूर्ण करणे, हाच शास्त्रशुद्ध मार्ग होय.

सिट-अप्सचेही तेच. पोटाचा सरळ स्नायू बरगड्या व उरोस्थी यांपासून कटीच्या पुढील हाडापर्यंत असतो. डोक्यामागे बोटे गुंफून डोके हिसडल्याने त्याला कोणतेही साहाय्य होत नाही. मानेचे मागील अस्थिबंध मात्र ताणले जातात. हात छातीवर आडवे ठेवावेत, हनुवटी व छाती यांमध्ये मुठीएवढे अंतर राखावे, आणि बरगड्या उचलता येतील तितकेच उठावे. जोर काढताना दोष उलट दिशेने घडतो. छाती पुढे नेऊन वर उठताना पाठीचा वरचा भाग वाकत नाही, तेव्हा नवशिका केवळ मान मागे मोडून आकाशाकडे पाहतो. कणा सर्वत्र वाकला तर प्रत्येक सांध्याच्या वाट्यास थोडे येते. इतर सांध्यांनी अंग काढून घेतले, की सर्व वाक मानेत साठतो. म्हणून आरंभी नजर समोर जमिनीवर चार-पाच हातांपलीकडे ठेवणे इष्ट.

धावण्यात मानेचा संबंध काय, असा प्रश्न येथे उद्भवेल. त्याचे उत्तर श्वासात आहे. शांत श्वसन मुख्यतः श्वासपटलाच्या बळावर चालते. दम लागला म्हणजे मानेच्या बाजूचे व पुढचे स्नायू वरच्या बरगड्या आणि उरोस्थी उचलून त्याला साहाय्य करतात. जो नवशिका झेपेल त्याहून अधिक वेगाने धावतो, त्याचा प्रत्येक श्वास अशा रीतीने मानेच्या मजुरीवर चालतो. दात आवळून व श्वास कोंडून वजन उचलणाऱ्याचीही गत निराळी नसते. बोलता येईल अशा वेगाने धावणे आणि जोर लावताना श्वास सोडणे हे दोन नियम म्हणूनच मानेच्या रक्षणाचेही नियम ठरतात.

तालमीचे उदाहरण वरील विवेचनास बाधक आहे, असे वाटण्याचा संभव आहे. कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीस टेकले की मल्ल चीत होतो. ते टाळण्यासाठी तो मान व पाय यांवर शरीर तोलून पूल बांधतो; तेथे मान ही प्रत्यक्ष शस्त्र असते. मल्लाची जाड मान पाहून नवशिक्यास पहिल्या आठवड्यातच पूल बांधण्याचा मोह होतो. परंतु चांगल्या तालमीचा क्रम पाहिला तर पूल हा तेथे आरंभ नव्हे. आधी फावड्याने हौद्यातील माती उकरणे, मग जोर-बैठका, मग हलकी पकड, असा तो क्रम असतो. त्यात पाठ, पाते व कंबर घडतात, आणि धडाला बळ आल्यावर मानेचे काम येते. तेही प्रथम जोडीदाराच्या हाताच्या मंद विरोधाने, मान न हलविता. पुढे हातांचा आधार घेऊन. आणि सर्वांत शेवटी पूर्ण पूल. परंपरेचे खरे ज्ञान पुलात नसून या क्रमात आहे. जिम व समाजमाध्यमांवरील चित्रफिती यांमुळे पूल घरोघरी पोहोचला. क्रम मात्र पोहोचला नाही.

योगासनांच्या क्षेत्रात महाराष्ट्रानेच या प्रश्नाचा शास्त्रीय विचार लवकर आरंभिला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू करून आसनांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचा पायंडा पाडला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी सर्वांगासनात खांद्यांखाली घड्या घातलेल्या घोंगड्यांचा थर देण्याची पद्धत रूढ केली. तिचे मर्म सोपे आहे. मान पुढे वाकण्याची स्वाभाविक मर्यादा सुमारे ४५ ते ५० अंशांची. सरळ सर्वांगासनात धड व मस्तक यांमधील कोन काटकोनाच्या जवळ जातो. खांदे उंच आणि मस्तक सखल ठेवले की हा कोन सैल होतो. शीर्षासनाविषयी टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत अनुभवी साधकांच्याही मस्तकावर शरीरभाराच्या ४० ते ४८ टक्के इतका कमाल भार आढळला. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस हा भार २४ ते २९ किलो होतो. पाच किलोंचे मस्तक तोलण्याची सवय असलेल्या मानेवर पहिल्याच महिन्यात एवढा बोजा घालणे कोणत्याही तर्कात बसत नाही. नवशिक्याने शीर्षासन लांबणीवर टाकावे आणि उलट स्थितीचा लाभ भिंतीस पाय टेकून निजण्याने घ्यावा.

मग मानेसाठी काहीच करू नये काय? तसे नाही. मणक्यांच्या अगदी पुढच्या बाजूस लगटून असलेले खोल स्नायू मानेस आतून सावरतात. ऑस्ट्रेलियातील भौतिकोपचारतज्ज्ञ ग्वेन्डोलेन जुल यांच्या संशोधनाने मानदुखीच्या रुग्णांत या स्नायूंचे कार्य मंदावते हे दाखवून दिले. त्यांचा व्यायाम दिसण्यास क्षुल्लक आहे. उताणे निजून, डोके न उचलता, हळूच होकार द्यावा. तो दहा सेकंद धरावा आणि क्रमाने दहा वेळांपर्यंत जावे. गळ्याच्या पुढील बाजूचे वरवरचे स्नायू ताठ झाले, तर जोर अधिक लागला असे समजावे. याला जोड म्हणून भिंतीस पाठ लावून खांद्याची पाती खाली व मागे ओढण्याचा सराव करावा. पहिले सहा आठवडे मानेसाठी एवढे पुरे. व्यायामाची मात्रा दर आठवड्यास थोडीच वाढवावी, आणि मान पुढे ताणली जाऊ लागताच ती खेप शेवटची मानावी.

सामान्य ताण व इजा यांतील भेदही शिक्षकास ठाऊक असला पाहिजे. नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी येणारा, दोन्ही बाजूंना पसरलेला ठणका सहसा तीन-चार दिवसांत ओसरतो. त्यास शेक, हलकी हालचाल व विश्रांती पुरते. परंतु वेदना हातात उतरणे, बोटांना मुंग्या येणे, पकड ढिली होणे, चालताना तोल जाणे, किंवा पडल्यानंतर मानेच्या मध्यरेषेवर तीव्र दुखणे ही मज्जातंतू वा मज्जारज्जू यांवरील दाबाची किंवा हाडाच्या इजेची चिन्हे असू शकतात. अशा वेळी व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा. पडून इजा झाली असल्यास मान मुळीच हलवू नये. आखडलेली मान हिसका देऊन कडकडविण्याची जी चाल केशकर्तनालयांत व आखाड्यांत आढळते, तीही त्याज्य होय. मेंदूस रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून जातात, आणि हिसक्याने त्यांचे अस्तर फाटण्याचा धोका संभवतो.

श्रीगोंद्यासारख्या ठिकाणी या विवेचनास व्यावहारिक महत्त्व आहे. भरतीच्या उमेदवारास वयोमर्यादा असते. मानेच्या दुखण्यात गेलेले दोन महिने त्याला परत मिळत नाहीत. शेतकऱ्याच्या घरातील मुलास त्याच मानेने पुढे आयुष्यभर ओझी वाहावयाची असतात. त्यामुळे व्यायाम शिकविणाऱ्याने शिष्याच्या मानेकडे बळाचे माप म्हणून न पाहता सूचना देणारे अंग म्हणून पाहावे. मान ताठली, खांदे वर चढले, हनुवटी पुढे आली, की पोट, पाठ, पाते वा श्वास यांपैकी कोणी तरी काम सोडले आहे, असे ती सांगत असते. ते कोणते, हे शोधून तेथे उपाय केला म्हणजे मानेसाठी वेगळा उपाय करण्याची वेळ क्वचितच येते.