पहिला रोजा आणि वाढीची रेषा

रमजान महिना सुरू झाला की वृत्तपत्रांच्या पानांवर आणि मोबाइलवर छोट्या रोजेदारांची छायाचित्रे झळकू लागतात. डोक्यावर नवी टोपी, गळ्यात फुलांचा हार, समोर खजुराचे ताट आणि खाली ओळ : 'सहा वर्षांच्या चिमुकल्याने पूर्ण केला पहिला रोजा.' बालकाच्या पहिल्या रोजाच्या या सोहळ्याला 'रोजाकुशाई' म्हणतात. नातेवाईक भेटवस्तू आणतात, शेजारीपाजारी कौतुक करतात, आजी-आजोबांच्या डोळ्यांत पाणी तरळते. ज्या घरी हा आनंद होतो, त्या घराला तो वर्षानुवर्षे पुरतो.

पण त्याच मोहल्ल्यातील एखाद्या घरात हे छायाचित्र पाहून आई गप्प होते. तिचा मुलगा सात वर्षांचा आहे, चणीने बारीक. वर्गाच्या रांगेत नेहमी पुढे उभा राहणारा. घरात मग असा संवाद ऐकू येतो.

"अम्मी, उद्या मलाही सहेरीला उठव. वर्गातल्या सगळ्यांनी रोजा ठेवलाय."

"आधी अंगावर थोडे मांस चढू दे बेटा, मग ठेव."

"अगं, आम्ही याच वयात रोजे ठेवायचो," दादी मध्येच म्हणते. "काही होत नाही. अल्लाह ताकद देतो."

दादीचे म्हणणे श्रद्धेचे आहे, आईचे काळजीचे. मुलाला मात्र एकच गोष्ट समजते, की तो इतरांपेक्षा कमी पडतो आहे. वजनकाट्यावरही आणि रोजातही.

ही काळजी काही एका धर्माची नाही. शेजारच्या घरातही 'खाल्लेले अंगी लागत नाही', 'बाळसे धरत नाही', 'अगदी पाप्याचे पितर दिसतो' हे शब्द रोज ऐकू येतात. तिथे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते, इथे दुआ पढून फुंकलेले पाणी पाजले जाते. दोन्ही घरांतल्या आया एकमेकींना टॉनिकची नावे सांगतात. आणि महिन्याच्या ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत दोघी एकाच चटईवर बसून बाळाला काट्यावर ठेवतात.

काळजी निराधार नाही, हेही खरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती आणि सुमारे 36 टक्के मुलांचे वजन कमी होते. त्याच पाहणीत उंचीच्या मानाने वजन जास्त असलेली मुले चार टक्क्यांच्या आसपास होती, आधीच्या पाहणीच्या जवळपास दुप्पट. म्हणजे आपल्याकडे एकाच गल्लीत एका मुलाचे वजन वाढत नाही आणि दुसऱ्याचे थांबत नाही. दोन्ही घरी चिंता आहे. प्रश्न आहे तो ही चिंता कशाच्या आधारे करायची, हा.

काट्यावरचा आकडा आणि कार्डावरची रेषा

बहुतेक पालक आपल्या मुलाची तुलना जावेच्या, नणंदेच्या किंवा शेजाऱ्याच्या मुलाशी करतात. वाढ मोजण्याची ही सर्वांत चुकीची पद्धत आहे. प्रत्येक अंगणवाडीत आणि माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा तक्ता असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये जाहीर केलेली ही प्रमाणके ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत या सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत. भारतातील मुले दिल्लीची होती. आईचे दूध, योग्य आहार आणि आरोग्यसेवा मिळाली तर पहिल्या पाच वर्षांत सर्व देशांतील मुले जवळपास सारखीच वाढतात, असे त्यातून दिसले. पाच ते अठरा वर्षे वयोगटासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2015 मध्ये भारतीय मुलांचे वेगळे तक्ते तयार केले. बालरोगतज्ज्ञांकडे ते सहज मिळतात.

या तक्त्यात एक आकडा फारसे काही सांगत नाही. पाच वर्षांच्या मुलग्याचे मधले वजन साधारण 18 किलो धरले जाते. पण 15 किलोचा, खेळकर, नियमित वाढणारा मुलगाही निरोगी मुलांच्या पट्ट्यातच बसतो. काही पालक 25व्या शतमकावरचे मूल म्हणजे शंभरपैकी 25 गुण मिळालेले, नापास झालेले मूल समजतात. तसे ते नाही. त्याच वयाची शंभर निरोगी मुले वजनानुसार ओळीने उभी केली, तर हे मूल पंचविसाव्या जागी उभे राहील, एवढाच त्याचा अर्थ. कुणीतरी पंचविसावे असणारच.

महत्त्वाची असते ती रेषा. दोन-तीन वेळच्या नोंदी जोडल्या की रेषा तयार होते. ती खालच्या पट्ट्यात असली तरी तक्त्यावरच्या रेषांना समांतर वर चढत असेल, तर मूल त्याच्या चणीने वाढत आहे. आई-वडील ठेंगणे असतील, तर मूलही बहुधा त्याच अंगाचे होणार. पण हीच रेषा आडवी झाली, खाली वळली किंवा तक्त्यावरच्या दोन मुख्य रेषा ओलांडून घसरली, तर ती घंटा आहे. मग जंत, रक्तक्षय, क्षयरोग, थायरॉइड, पचनाचे विकार यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांना तपासावे लागते. अशा वेळी टॉनिकची बाटली वेळ घालवते.

सर्वसाधारण हिशेब असा : जन्मताना तीन किलोच्या आसपास असलेले बाळ पाचव्या महिन्यापर्यंत वजन दुप्पट करते, वर्षाला तिप्पट. दोन वर्षांनंतर मात्र वेग मंदावतो. वर्षाला साधारण दोन किलो वजन आणि पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढली, तरी ती चांगली वाढ आहे. 'लहानपणी किती गुटगुटीत होता, आता वाळला' ही तक्रार पुष्कळदा या नैसर्गिक मंद वेगाचीच असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. ते तीव्र कुपोषण समजले जाते.

शरियत घाई करत नाही

इथे त्या सात वर्षांच्या मुलाकडे परत येऊ. इस्लाममध्ये रोजा वयात आलेल्या, म्हणजे बालिग झालेल्या व्यक्तीवर फर्ज आहे. लहान मुलावर तो फर्ज नाही. कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजाच्या आज्ञेसोबतच आजारी आणि प्रवासी माणसाला सवलत दिली आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल, तर रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. ज्या धर्माने दुधासाठी रडणाऱ्या तान्ह्याचा एवढा विचार केला, तो बारीक चणीच्या शाळकरी मुलाला वेठीस धरणार नाही.

मुलांना सवय लावण्याची परंपरा अर्थातच आहे. सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये हजरत रुबय्यि बिन्ते मुअव्विज सांगतात, की आशुराच्या दिवशी त्या मुलांनाही रोजा ठेवायला लावत आणि मूल भुकेने रडू लागले तर इफ्तारपर्यंत त्याला लोकरीचे खेळणे देत. दादी-नानी या परंपरेचा आधार घेतात आणि तो योग्यही आहे. पण फिकहच्या विद्वानांनी तिच्यासोबत एक अट कायम ठेवली : मुलाला तेवढी ताकद असावी. ज्याला झेपत नाही, त्याला लावू नये. अजाण मुलाने रोजा मध्येच सोडला, तर त्याच्यावर कजाही नाही आणि कफ्फाराही नाही. म्हणजे दुपारी दोनला मुलाला चक्कर आली, ओठ सुकले, लघवी कमी झाली किंवा ते सुस्त पडून राहिले, तर पाण्याचा पेला पुढे करणाऱ्या आईने कोणताही गुन्हा केलेला नसतो. 'आता दोन-चार तासच राहिले' म्हणून ओढत नेणे हे मात्र खचितच योग्य नाही.

अनेक घरांत यावर जुना तोडगा आहे. लहान मुलाने सहेरीला सगळ्यांसोबत उठायचे, निय्यत करायची आणि दुपारच्या जेवणाला रोजा सोडायचा. कुणी त्याला 'चिडिया रोजा' म्हणते, कुणी अर्धा रोजा. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो, असे मुलाला सांगितले जाते आणि मुलाला ते पटते. सहेरीची ती पहाट, भांड्यांचा आवाज, अब्बांच्या शेजारची जागा, हे सारे त्याला मिळते आणि शरीरावरही भार पडत नाही. शाळेत दिवसभर नीट वागणे, खोटे न बोलणे, डब्यातला खाऊ वाटून खाणे, हाही त्याच्या वयाचा रोजाच आहे.

फर्ज होण्याचे वय, वाढीचेही वय

एका गोष्टीकडे मात्र पालकांचे दुर्लक्ष होते. रोजा ज्या वयात फर्ज होतो, नेमक्या त्याच सुमारास शरीर सर्वांत वेगाने वाढत असते. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलग्यांची तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते. ऐन भरात ती वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत जाते. निरोगी किशोरवयीन मुले रोजे ठेवतात आणि वाढतातही, पण त्यासाठी सूर्यास्तानंतरच्या आणि पहाटेच्या ताटाकडे लक्ष हवे. पाळीच्या दिवसांत मुलींना रोजा माफ आहे, तो नंतर भरून काढायचा असतो. या वयात लोह कमी पडते, म्हणून थकणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घेतलेले बरे. मधुमेह, फिट्स, मूत्रपिंडाचा विकार किंवा रोजचे औषध असलेल्या मुलामुलींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा ठेवू नये.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. आठ-दहा वर्षांपूर्वी तो मे-जूनच्या तलखीत होता, आता थंडी ओसरण्याच्या दिवसांत येतो. महाराष्ट्रात फेब्रुवारीच्या अखेरीस रोजा साधारण तेरा तासांचा भरतो. वार्षिक परीक्षाही याच सुमारास असतात. त्यामुळे सहेरी टाळून झोपणारे मूल दिवसभर दुहेरी थकते.

सहेरीला नुसता चहा-पाव पुरत नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी किंवा पोळी, अंडे किंवा डाळ, वाटीभर दही, केळे आणि पोटभर पाणी, एवढे घरात असतेच. इफ्तारला खजूर आणि फळे झाल्यावर भजी-समोशांनीच पोट भरले, तर रात्रीचे जेवण राहून जाते. बारीक मुलाला त्यातून बळ मिळत नाही आणि जाड मुलाचे वजन मात्र वाढते. गोड सरबताचे दुसरे, तिसरे ग्लासही याच खात्यात जमा होतात. याउलट गहू, डाळी आणि मांस एकत्र शिजवलेला घरचा खिचडा हा वाढत्या मुलासाठी उत्तम पदार्थ. शेंगदाणे, हरभरे, राजगिऱ्याचा लाडू हे तर टॉनिकपेक्षा स्वस्त आणि सरस.

एक साधा उपाय प्रत्येक घराला जमेल. रमजानच्या आधी मुलाचे वजन-उंची नोंदवायची. महिनाभराने ईदनंतर पुन्हा त्याच काट्यावर वजन करायचे. पुढच्या तीन महिन्यांत आणखी एकदा. तीन टिंबे झाली की रेषा दिसते. मग दादीला आणि आईला भांडावे लागत नाही, रेषाच काय ते सांगते. मुलासमोर मात्र 'हा असाच राहणार' किंवा 'किती फुगलाय' हे शब्द नकोत. काट्यावरचा आकडा सुधारता येतो, पण नातेवाइकांसमोर झालेली थट्टा मूल विसरत नाही.

ईदच्या नमाजापूर्वी प्रत्येक ऐपतदार घर फितरा काढते. माणशी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत असा हिशेब बहुतेक ठिकाणी असतो आणि उलेमा दर वर्षी रक्कम जाहीर करतात. हा फितरा फक्त रोजेदारांच्या नावाने निघत नाही. ज्याने एकही रोजा ठेवला नाही, त्या पाळण्यातल्या बाळाच्या नावानेही बाप तो देतो. बारीक असो की गुटगुटीत, प्रत्येक मुलाच्या नावाचे माप सारखेच भरते आणि ते धान्य एखाद्या गरीब घरातल्या, वाढीच्या वयातल्या मुलाच्या ताटात पोहोचते. त्या सात वर्षांच्या मुलाला यंदा ईदच्या सकाळी हे जरूर सांगावे. हार-तुरे त्याच्या गळ्यात पडायचे तेव्हा पडतील. त्याच्या नावाचा वाटा रमजानने आधीच धरलेला आहे.