उशीर आणि ऐपत

मागच्या वेळी आपण अनुमान बघितलं. आज त्याचाच एक घरगुती दाखला घेऊ, कारण यात मी स्वतः अडकलो होतो.

माझ्या एका फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, फर्निचरची कामं घेतात. भाडं 14,000, तारीख 5. पैसे यायचे 12 ते 18 च्या दरम्यान. दुसरा करार संपायला तीन महिने होते तेव्हा म्हणाले, "सर, तुमचा वरचा फ्लॅट रिकामा झालाय ना? आम्हाला द्या. आई राहायला येतेय." त्याचं भाडं 21,000. माझ्या मुलानं निकालच दिला: "जो 14 वेळेवर देत नाही, तो 21 काय देणार!"

वाक्य पटतं. पण बघा, नैयायिक काय सांगतात? धूर दिसला तर अग्नी आहे म्हणता येतं. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याला कुठे धूर असतो? धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. (नावामागची वेगळी. ती माझ्याकडे आहे, इथे उपयोगाची नव्हती.)

तर मी ओलं सरपण शोधायला लागलो. बँकेच्या 19 महिन्यांच्या नोंदी काढल्या. 17 वेळा रक्कम उशिरा, पण पूर्ण आणि एकदम. त्यांची बिलंच दहा तारखेनंतर निघतात. हा तारखेचा घोळ, पैशाचा नव्हे. दोन्ही जूनमध्ये मात्र भाडं दोन तुकड्यांत आलेलं. शाळेची फी! मला खूण सापडली ती इथे.

मग समोर बसून हिशेब केला. सरासरी कमाई 50,000. भाडं, किराणा, शाळा, टेम्पोचा हप्ता, गावाकडे पाठवायचे, उरायचे 5,500. वाढीव भाडं 7,000, शिवाय डिपॉझिट. "काटकसर करू सर," म्हणाले. आता काटकसरीचा बेत म्हणजे काही पुरावा नव्हे. मी म्हटलं, करार संपेपर्यंत आहात तिथेच राहा आणि दर महिन्याला 7,000 वेगळ्या खात्यात टाका. जमलं तर वरचं घर तुमचं, साठलेले पैसेही तुमचेच. यात माझे 63,000 बुडणार होते. मुलगा चिडला, ते काही चुकीचं नव्हतं.

दोन महिने जमलं. तिसऱ्यात दिवाळी आली. त्यांनीच फोन केला, "नाही झालं सर. देऊन टाका ते कुणाला."

दिलं. साठलेल्या 14,000 मधून त्यांनी, मला विचारून, गॅलरी बंद करून घेतली. आईचा पलंग तिथे बसला. नव्या करारात भाड्याची तारीख मी 15 घातली आहे.